मदत हवी आहे: सिकलसेल असलेल्या भाचीला एमआरआयच्या अभ्यासात घ्यायचं म्हणतात, सही करण्याआधी काय विचारू?

नमस्कार मंडळी,

भाची ११ वर्षांची, सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार), एसएस पॅटर्न, म्हणजे आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आलेलं. ताई-भाऊजी उमरेडला असतात, पण तिचं सगळं दवाखान्याचं नागपूरलाच, त्यामुळे धावपळ माझ्याकडे. हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं रोजचं औषध चालू आहे आणि पोरगी बरी आहे.

मागच्या तपासणीला डॉक्टरांनी एका अभ्यासाचं विचारलं. सिकलसेलच्या मुलांच्या मेंदूचा एमआरआय काढायचा, काही काळाने पुन्हा काढायचा, काय बदललं ते बघायचं. नवं औषध वगैरे काही नाही. संमतीपत्र घरी वाचायला दिलंय. ताई म्हणते, "पोरगी चांगली खेळून राहिली, तर तिले मशीनमध्ये कायले टाकायचं?"

तिची टीसीडी, म्हणजे डोक्याची डॉपलर सोनोग्राफी, दरवर्षी होते. कानशिलावर प्रोब ठेवून मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्यांतला रक्ताचा वेग मोजतात. वाहिनी अरुंद झाली की वेग वाढतो, आणि सेकंदाला २०० सेंमी गाठला की पक्षाघाताचा धोका मोठा. अमेरिकेतल्या स्टॉप अभ्यासात (१९९८) अशा मुलांना नियमित रक्त दिल्यावर पहिल्या झटक्याचा धोका ९० टक्क्यांहून जास्त घटला होता. भाचीचा वेग त्याच्या बराच खाली आहे. पण टीसीडीत वेग कळतो, मेंदूला इजा झाली का ते नाही. बारीक वाहिन्या तुंबून पडलेले डाग, सायलेंट इन्फार्क्ट म्हणतात ते, एमआरआयमध्येच दिसतात. हातपाय लुळे पडत नाहीत, बोलणं अडखळत नाही, शाळेच्या अभ्यासातलं लक्ष मात्र उडू शकतं. आणि आपण पोराला आळशी म्हणत बसतो.

परदेशात एसएसच्या साधारण तिघांतल्या एका मुलात मोठं होईपर्यंत असे डाग सापडतात. ती मुलं बहुतेक आफ्रिकी वंशाची. आपल्याकडचा जनुकीय प्रकार वेगळा, त्यात गर्भात असतानाचं हिमोग्लोबिन जन्मानंतरही जास्त टिकतं आणि आजार बऱ्याच जणांत सौम्य राहतो. तरी विदर्भात गंभीर रुग्णही आहेतच. तिकडचा आकडा आपल्या पोरांना लागू होतो का, हे आपल्याच पोरांचे एमआरआय काढल्याशिवाय कसं कळणार? म्हणून हा अभ्यास व्हावा असं मला मनापासून वाटतं.

अडलंय ते असं. डाग दिसला तर आम्हाला सांगणार का, आणि पुढचा उपचार कोण करणार? पत्रात फक्त "माहिती गोपनीय राहील" एवढंच आहे.

दुसरी धास्ती मोठी. त्या खडखडाटात अर्धा-पाऊण तास न हलता पडायचं, नाही जमलं तर झोपेचं औषध, आणि त्यासाठी उपाशी ठेवणार. सिकलसेलच्या मुलाला पाणी कमी पडलं की दुखणं उसळतं. तारीख मे महिन्यातली. उमरेडहून एसटीने, त्या उन्हात, घोटभर पाण्याविना?

मधेच नको म्हटलं तर नेहमीच्या उपचारात हात आखडता घेतील का, हेही सांगा.

प्रतिसाद (रेडिओलॉजी विभागात काम करते)

दादा, एमआरआयमध्ये एक्स-रेसारखे किरण नसतात. या डागांसाठी शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक दिसावं म्हणून टोचतात ते औषध) सहसा लागत नाही, तरी विचारून घ्या. ११ वर्षांची बरीच मुलं झोपेच्या औषधाशिवाय राहतात. आधी मशीन दाखवून आणा, आवाज मोबाइलवर ऐकवा, ताईंना आत बसू देतात का विचारा. "औषध द्यावंच लागलं तर स्कॅन नको" असंही आधीच सांगता येतं. द्यायचंच ठरलं तर सकाळचा पहिला नंबर मागा, आदल्या रात्री नागपूरला मुक्कामी या, साधं पाणी किती वाजेपर्यंत चालेल आणि सलाइन लावणार का हे भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्या. कधीही बाहेर पडता येतं, त्यावरून उपचार अडवता येत नाहीत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ते आहे. त्यातच ७ वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यायला सांगितलाय, तेव्हा भाचीलाही विचारा. डाग सापडल्यास काय, याचं उत्तर एथिक्स कमिटीकडे, म्हणजे अशा अभ्यासांना मंजुरी देणाऱ्या समितीकडे मागा.

धागाकर्ता

खूप आभार, ताई. कमिटीचा नंबर शेवटच्या पानावर आहे, सोमवारी फोन लावतो. अशा अभ्यासात कुणाच्या घरच्या मुलाने भाग घेतला असेल तर रिपोर्ट हातात मिळाला का, तेवढं कळवा.