अनुभव धागा : बागेतला तुमचा कोपरा कुठला?

मागच्या दिवाळीत मुलाकडं चंदीगडला गेले होते. सुनेनं शेजारच्या पंचकुल्याचं कॅक्टस उद्यान दाखवायचं ठरवलं. सात एकरांत नुसते निवडुंग. मी म्हटलं, अगं, एवढ्या लांब येऊन निवडुंग काय बघायचा? आमच्या मोहोळच्या शेताच्या बांधावर काय कमी आहे?

तिथं दोन तास कसे गेले कळलं नाही. ज्याला आपण बांधावरचा त्रिधारी निवडुंग म्हणतो तो निवडुंगाच्या कुळातला नाहीच, एरंडाच्या कुळातला आहे. फांदी मोडली की भळाभळा पांढरा चीक येतो, ही त्याची खूण. खऱ्या निवडुंगाचे काटे लोकरीसारख्या एका बारीक गादीतून फुटतात. मी वाकून वाकून प्रत्येक झाडाची गादी शोधत होते. आपला फड्या मात्र खरा निवडुंग, पण तो मूळचा अमेरिकेतला. त्याच्यावर वाढणाऱ्या किड्यापासून किरमिजी रंग मिळतो, म्हणून 1795 मध्ये ब्राझीलहून किडा आणला. तो निघाला भलत्याच जातीचा. रंग तर धड मिळाला नाहीच, उलट त्यानं ठिकठिकाणचा फड्या खाऊन संपवला. माझं माहेर सोलापूरच्या साखर पेठेतलं, घराशेजारी सूत रंगवायचं काम चालायचं, ओढ्याला रोज वेगळा रंग असायचा. त्यामुळं ही रंगाची गोष्ट माझ्या मनातून जाईना.

तुम्हीही लिहा. वेगवेगळ्या विषयांचे विभाग केलेल्या कुठल्या बागेत गेलात, त्यातल्या कुठल्या कोपऱ्यात पाय अडकला, तिथं काय झालं. मोठी बाग हवी असं नाही.

— जुळे सोलापूर

*

आमच्या घरात तेलुगू बोलतात, वडिलांना आम्ही नान्ना म्हणतो. चाळीस वर्षं त्यांनी चादरीचा माग चालवला. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले तेव्हा ते सत्तरीला आले होते. त्यानंतर ते कुठं यायलाच तयार नसत. 'मला दिसत नाही, तुम्ही बघून या' एवढंच.

आत्याकडं हैदराबादला लग्न होतं. दुसऱ्या दिवशी कोंडापूरच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये सगळे निघाले, त्यांनाही जवळजवळ ओढूनच नेलं. औषधी वनस्पतींच्या विभागात भाचीनं सहज एक पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठ्यानं चोळलं, नाकाशी नेलं, म्हणाले, 'अडुळसा.' मग तिनं पुढचं दिलं. गवती चहा तर हातात यायच्या आधीच ओळखला. पारिजातकाच्या पानावरून बोट फिरवून म्हणाले, 'खळ जास्त झालेलं सूत असतं ना, तसं लागतंय.' आयुष्यभर बोटांनी सूत तपासलेला माणूस. त्या बोटांना अजून सगळं दिसत होतं आणि आमच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

बांबूच्या विभागात मात्र ते बोलायचे थांबले. वारा आला की बांबू एकमेकांवर घासून करकरतात. अर्धा तास बाकावर बसून होते. उठताना म्हणाले, 'हातमागाचा आवाज आहे हा. माझ्या वडलांच्या.'

आता बाल्कनीत आठ कुंड्या आहेत. मरवा, दवणा, ओवा, तुळस, वाळा, असलंच सगळं. पाणी ते स्वतः घालतात, कुंडीत बोट खुपसून माती किती ओली आहे ते बघून.

— अशोक चौक

*

माझा कोपरा म्हणजे बेंगळुरूच्या लालबागेतला खडक. उद्यान एक्सप्रेसनं सोलापूरहून रात्रभर प्रवास करून उतरलो होतो. 240 एकरांची बाग, 1760 साली हैदर अलीनं सुरू केलेली, 1889 चं काचघर, सगळं पाहिलं. पण पाय दुखायला लागल्यावर त्या उघड्या खडकावर जाऊन बसलो तेव्हा पाटी वाचली : वय सुमारे तीनशे कोटी वर्षं. आपल्याकडचा काळा दगड साडेसहा कोटींचा. हात टेकवून बसून राहिलो, बाकीची बाग राहिलीच.

— सात रस्ता

*

लिहू की नको, दोन दिवस विचार करत होते.

माझ्या मुलाला पाचव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला. उपचारांत दर आठवड्याला एक इंजेक्शन असायचं, व्हिन्क्रिस्टिन. ते नाव मला देवाच्या नावासारखं पाठ झालं होतं. कुठून येतं, कशापासून करतात, हे कधी डोक्यात आलंच नाही. तेवढी सवड कुणाला होती!

तो बरा होऊन चार वर्षं झाली तेव्हा पुण्यात एका औषधी बागेत गेलो होतो. वाफ्यात जांभळी-पांढरी सदाफुली. मी पुढंच जाणार होते, कारण सदाफुली काय बघायची? ती आपल्याकडं नळाच्या कोंडाळ्यातसुद्धा उगवते, मे महिन्याच्या उन्हातही फुलायची थांबत नाही. मुलानं पाटी मोठ्यानं वाचली आणि तो अडखळला. 'आई, हे माझं औषध आहे.'

मी तिथंच खाली बसले.

नंतर वाचत गेले. झाड मूळचं मादागास्करचं. 1950 च्या दशकात मधुमेहावर गुणकारी आहे का हे तपासताना कॅनडातल्या शास्त्रज्ञांना दिसलं की ते रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी करतं. शेकडो किलो वाळलेली पानं लागतात, तेव्हा कुठं थोडंसं औषध हाती येतं. आपल्याकडं साखरेसाठी सदाफुलीची फुलं-पानं चावून खाणारे बरेच आहेत, त्यांना हात जोडून सांगते, नका खाऊ. ज्यानं माझ्या मुलाचे केस गेले, पायांतली ताकद गेली, ते त्याच झाडात आहे. डॉक्टर ते मोजून देतात म्हणून ते औषध.

दारात सदाफुली आहे. आता मी तिला कधीच उपटत नाही, फरशीच्या फटीत आली तरी.

— विजापूर रोड

*

एका देवस्थानच्या आवारात नक्षत्रवन आहे, सत्तावीस नक्षत्रांची सत्तावीस झाडं. कृत्तिकेचा उंबर, रोहिणीची जांभूळ, मघाचा वड, पुष्याचा पिंपळ. आमच्या शाळेतली पोरं तिथं नेली की प्रत्येकाला आपलं झाड हवं असतं. एका मुलीचं नक्षत्र श्रवण. श्रवणाचं झाड रुई. ती रडकुंडीला आली. 'बाई, सगळ्यांना झाडं आणि मला रुई? ती तर उकिरड्यावर असते.'

जवळ जाऊन पान उलटलं तर खाली पट्ट्यापट्ट्यांची अळी. काळी, पांढरी, पिवळी. बिबळ्या कडवा फुलपाखराची. रुईचा विषारी चीक तिच्या अंगात साठतो, म्हणून पुढं फुलपाखरू झाल्यावरही पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. वडाजवळ, पिंपळाजवळ गेलेली सगळी पोरं रुईभोवती गोळा झाली. ती मुलगी सगळ्यांना मागं सारत होती, 'माझं झाड आहे, हात लावू नका.'

पुढच्या महिन्यात गेलो तर रुई मुळापासून काढलेली, शोभेची झुडपं लावलेली. 'स्वच्छता केली' म्हणाले. मी भांडले. पाच पोरं घेऊन परत जाऊन भांडले. शेवटी त्यांनी जागा दिली आणि पोरांनीच नवी रुई लावली.

— बाळे

*

मी वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात सेरोपेजियाच्या जाती जपल्या आहेत, आपण कंदीलपुष्प म्हणतो त्या. फुलाच्या नळीत आतल्या बाजूला खाली वळलेले केस असतात. वासानं ओढलेली माशी आत शिरते, बाहेर येता येत नाही. फूल कोमेजलं की केसही मिटतात आणि परागकण घेऊन माशी सुटते. मी तासभर एका फुलासमोर बसलो, माशी आली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. आली.

तिथून परत येताना एक गोष्ट डोक्यात बसली. आमचं गाव नान्नजजवळ. 1979 पासून माळढोक पक्ष्याचं अभयारण्य, पण बहुतेकांच्या लेखी तो नुसता ओसाड माळ. त्या माळावर मारवेल आहे, पवन्या आहे, कुसळी आहे. सोलापुरात या गवतांची एक बाग हवी, प्रत्येकाची पाटी लावलेली. गुलाबाची बाग कुणीही करतं.

सध्या खिडकीत एक ट्रे आहे, त्यात कुसळीचं बी. दमट हवा लागली की त्याच्या शेपटीचा पीळ उलगडतो, सुकली की परत बसतो, आणि त्या पिळानं बी स्वतःच मातीत शिरत जातं. काल आईला दाखवायला पाण्याचा एक थेंब टाकला. ती म्हणाली, 'साडीला चिकटतं तेच ना हे?' आणि हातातलं काम टाकून बघत बसली.

— नान्नज