कॅसेटीबरोबर तबलजीचं नावही गेलं, हे नुकसान कुणालाच कसं वाटत नाही?

महाद्वारकर
दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून वडिलांच्या कॅसेटींचे दोन खोके खाली काढले. एक डबी उघडली. कव्हराचा घडीचा कागद अजून शाबूत. अ बाजूला यमन, ब बाजूला ठुमरी. खाली बारीक अक्षरात तबला कुणाचा, सारंगी कुणाची, तानपुऱ्यावर कोण. हीच मैफल माझ्या जुन्या मेमरी कार्डावरही आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात पन्नास रुपये देऊन गाणी भरून घेतली होती. त्यात रागाचं नाव 'ट्रॅक ०३' आणि कलाकाराच्या जागी फुकट गाणी देणाऱ्या कुठल्याशा वेबसाइटचं नाव!

सीडीवर पाच मिनिटांचं गाणं पन्नास एमबी जागा खातं, एमपी३ मध्ये ते पाचात बसतं. म्हणूनच ते सगळीकडे पोचलं, हे मला मान्य आहे. पण कव्हर वाटेतच गळालं. १९९६ मध्ये एमपी३ फायलीला माहिती जोडायची सोय निघाली, तिच्यात गाणं, कलाकार आणि अल्बम यांना तीस-तीस अक्षरं. साथीदारांना रकाना नाही, रागाला नाही. ज्या कोल्हापुरात देवल क्लब या संगीतसंस्थेच्या मैफलीला लोक तबल्यावर कोण आहे ते बघून जातात, त्या गावानं तरी हे मुकाट सोसू नये.

शाहूपुरीतला
काका, तुमची कळकळ पोचली, पण दोष फॉरमॅटचा नाही. तीस अक्षरांची अडचण १९९८ च्या पुढच्या आवृत्तीत सुटली. रकाने वाढले, देवनागरीही चालायला लागली. भरणाऱ्यांनी ते भरले नाहीत.

आणि कॅसेट जपून ठेवली की गाणं टिकतं, असं मला कुणी सांगू नये. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या तळमजल्यात पंचगंगेचं पाणी होतं. उतरल्यावर कपाट उघडलं, तर दीडशेच्या वर कॅसेटी चिखलात बसलेल्या. फीत बाहेर ओढायला गेलो तर बोटांना चिकटून तुटायची. पुण्याच्या चुलतभावानं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेल्या चाळीसेक तेवढ्या वाचल्या. त्या दिवसापासून मी पक्का फायलींच्या बाजूचा आहे.

अजून एक. थोर गवई अल्लादिया खाँसाहेबांचं एवढं वास्तव्य या गावात, पण त्यांचा आवाज आपल्याला ऐकायला मिळत नाही. त्यांच्या शिष्या, गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अवकाशात गेली, तीही साडेतीन मिनिटांची, कारण जुन्या तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावायचं. फायलीला ती अट नाही. तास-दीड तासाचा ख्याल सलग ऐकायला मिळतो, हे केवढं मोठं देणं आहे!

डफतुणतुणं
आमच्या घरात शाहिरी. चुलत्यांच्या पोवाड्यांची कॅसेट निघाली तेव्हा कंपनीनं एकरकमी पैसे हातावर ठेवले आणि कागदावर सही घेतली. चैत्रात जोतिबाच्या यात्रेत ती ढिगानं खपायची. चुलते गुलालात माखून दुकानापुढं उभे राहायचे, आपलाच आवाज ऐकायचे. कव्हरावर नाव होतं, फेट्यातला फोटोही होता. पण पुढं एक रुपया मिळाला नाही. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून घेता येईनासा झाला. तोवर चुलते गेले होते.

आता पुतण्या घरातच रेकॉर्ड करतो आणि स्वतःच नेटवर चढवतो. मिळकत किरकोळ आहे, पण किती लोकांनी ऐकलं ते त्याला रोज दिसतं. चुलत्यांना किती कॅसेटी खपल्या ते मरेपर्यंत कुणी सांगितलं नाही. तुम्ही कव्हराची आठवण काढता, मला ती सही आठवते.

राजारामपुरी_११
तुम्ही सगळे डाउनलोड आणि आजचं ॲप एकाच मापानं मोजताय. अमेरिकेत आयट्यून्सचं नेटवर गाणी विकणारं दुकान २००३ मध्ये उघडलं, भारतात आलं २०१२ च्या डिसेंबरात. त्याच वर्षी फेब्रुवारीत फ्लिपकार्टनं 'फ्लाइट' नावाचं तसंच दुकान सुरू केलं आणि जून २०१३ मध्ये बंदही केलं. रीतसर दुकानं उघडेपर्यंत लोकांना फुकटाची सवय लागून गेली होती.

मी तेव्हा पैसे मोजून गाणी घेतली. ती अजून हार्डडिस्कवर आहेत आणि वाजतात. याउलट आताच्या एका ॲपवर मी रोज पहाटे ऐकायचो तो अभंगांचा अल्बम एके दिवशी दिसेनासाच झाला. महिन्याचे पैसे चालू, अल्बम गायब. विकत घेतलेली फाईल ही कॅसेटीची सख्खी बहीण. भाड्याचं गाणं तसं नव्हे.

महाद्वारकर
डफतुणतुणं, तुमचं वाचून थांबलो. कव्हरावर नाव आलं की कलाकाराचं भागलं, असंच मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. ते चुकलं. पण यातूनच माझं म्हणणं अजून घट्ट झालं. पुतण्याला हिशेब दिसतो तो त्याचं नाव तिथं आहे म्हणून. त्याच्यामागं ढोलकी वाजवणाऱ्याचं नाव लिहिलंय का? नसेल, तर उद्या त्यानं वाटा कुणाच्या नावानं मागायचा?

शाहूपुरी, रकाने आहेत हे मान्य. मग कंपन्यांनी आपल्याच कॅसेटी नेटवर चढवताना आपणच छापलेली नावं का गाळली? माहिती त्यांच्या कपाटात होती. मी माझ्या खोक्यांतल्या कॅसेटी एकेक करून उतरवतोय आणि कव्हरावरचं सगळं फायलीत टाइप करतोय. अकरा झाल्या. तुमच्या वाचलेल्या चाळीस फायलींत साथीदारांची नावं आहेत का?

डफतुणतुणं
ढोलकीवाल्याचं नाव नाही टाकलेलं. आमचाच भाचा आहे तो. आज रात्री पुतण्याला बसवून टाकायला लावतो.

शाहूपुरीतला
फायलींत नाहीत, काका. पण कव्हरं आहेत. पुरानंतर आईनं धुऊन दोरीवर चिमटे लावून वाळवली होती. शाई फुटलीय, कडा गेल्यात, तरी उजेडात धरली की बरीचशी वाचता येतात. रविवारी पिशवी घेऊन येऊ का?

महाद्वारकर
या. दहापर्यंत या, तोवर गच्चीत ऊन चांगलं असतं. भिंग काढून ठेवतो.