अनुभव धागा: मुंबई ते न्यू यॉर्क, तुम्हाला किती तास लागले?

मुंबई ते न्यू यॉर्क हे सरळ हवाई अंतर साधारण १२,५०० किमी. अंतर ठरलेलं, तास मात्र दर वेळी निराळे. थेट विमान जाताना १६ तासांच्या आसपास घेतं, येताना त्याहून कमी, कारण उंचावर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि येताना तो पाठीशी असतो. हिवाळ्यात त्याचा जोर जास्त. आईवडिलांना एकटं पाठवणाऱ्यांना नुसत्या आकड्यांपेक्षा तुमचे अनुभव उपयोगी पडतील, तेव्हा सविस्तर लिहा.

एडिसन, न्यू जर्सीहून
आई पहिल्यांदाच एकटी येणार होती, म्हणून मुद्दाम अबू धाबीमार्गे तिकीट काढलं. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं. न्यू यॉर्कला उतरलं की देशांतर्गत प्रवाशासारखं थेट बॅगा घ्यायच्या. थेट विमानापेक्षा वेळ बराच जास्त लागला, पण मधे पाय मोकळे झाले, त्यामुळे आईला तेच बरं वाटलं. तिथली तपासणी वेळ खाते, म्हणून दोन विमानांमध्ये निदान तीन तास ठेवाच. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवली होती. आमचा पत्ता, फोन नंबर आणि ती किती दिवस राहणार हे इंग्रजीत लिहिलेला कागद तिच्या पर्समध्ये दिला होता. अधिकाऱ्यापुढे तिने तोच सरकवला आणि काम झालं.

नाशिकहून
मी भूगोल शिकवते. विमान मुंबईहून थेट पश्चिमेला न जाता उत्तरेला का चढतं, हे मुलांना ग्लोबवर दोरा ताणून दाखवते. मुंबईवर एक टोक धरा, न्यू यॉर्कवर दुसरं, आणि दोरा घट्ट ओढा. तो मॉस्कोजवळून, नॉर्वेवरून, आइसलँड आणि ग्रीनलंडचं दक्षिण टोक गाठत जातो. भिंतीवरच्या नकाशात हीच वाट भलामोठा वळसा वाटते. मुलं दोरा पुन्हा पुन्हा ओढून बघतात.

पुण्याहून
दोऱ्याची वाट प्रत्यक्षात मिळेलच असं नाही. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना तेव्हा इंधनासाठी व्हिएन्नात उतरावं लागलं. त्याआधी २०२२मध्ये रशियाचं आकाश अमेरिकी कंपन्यांना बंद झालं आणि एका कंपनीची मुंबई ते नेवार्क (न्यू यॉर्कजवळचा विमानतळ) थेट सेवा थांबली. म्हणून जुन्या प्रवासाच्या तासांवर विसंबू नका, पुढचं कनेक्शन घट्ट ठेवू नका. आम्हा पुणेकरांना एक्स्प्रेसवे आणि घाटातली कोंडी धरावी लागते ती वेगळीच. घर ते घर सहज दीड दिवस जातो.

ठाण्याहून
वडील इन्सुलिन घेतात. हिवाळ्यात न्यू यॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. घड्याळ बघून डोस द्यायचा तर सगळाच गोंधळ. निघण्याआधी डॉक्टरांना विमानाच्या वेळा दाखवल्या. त्यांनी मागच्या डोसपासून किती तासांनी पुढचा आणि जेवण कधी, हे लिहून दिलं. बाबांनी विमानातून उतरेपर्यंत घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवलं. इन्सुलिन आणि प्रिस्क्रिप्शन हातातल्या बॅगेतच ठेवा. विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठून वाया जाऊ शकतं.