फोनवर माणसं जमतात, पण परत कोण पाठवणार?

घणसोलीकर
२५ जुलै २०१८ला मराठा आरक्षणासाठी बंद होता तेव्हा मी कोपरखैरण्यात होतो. दुपारी संयोजकांनी बंद मागे घेतला. तो मेसेज मी शेजारच्या पोरांना दाखवला. एक जण म्हणाला, "खोटा आहे, आपल्याला घरी पाठवायला कुणीतरी सोडलाय." बाकीच्यांनी तेच धरलं. सकाळी ज्या फोनवर विश्वास ठेवून ही पोरं घरातून निघाली, त्याच फोनवर दुपारी त्यांचा विश्वास उरला नव्हता. मग दगडफेक झाली आणि पुढे नवी मुंबईतलं इंटरनेट बंद झालं.

माझं मत सरळ आहे. सोशल मीडियावर गर्दी उभी राहते, चळवळ नाही. जानेवारी १९८४मध्ये नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध उरणजवळ जासईला शेतकरी उभे राहिले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यातूनच घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचा हक्क मिळाला. तेव्हा फोन कुणाकडे होते? शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांचा शब्द गावोगाव माणसांच्या तोंडून पोचायचा, आणि सांगणाऱ्याला सगळे ओळखायचे.

सीवूड्सची लेक
दादा, १९८४चा आदर आहेच. पण गावकीच्या बैठकीला बायका किती असायच्या? आणि माझ्यासारख्या भाड्याने राहणाऱ्या, सकाळची लोकल पकडणाऱ्या बाईला त्या बैठकीचं बोलावणं कोण देणार?

बदलापूर आठवा. चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेत अत्याचार झाला, तक्रार नोंदवायला दिवस गेले. ती बातमी आयांच्या फोनवरून फिरली आणि २० ऑगस्ट २०२४ला लोक शाळेसमोर आणि रेल्वेरुळांवर उतरले. दोन दिवसांत मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. एखाद्या पुढाऱ्याची वाट बघत बसलो असतो तर ते प्रकरण दाबलं गेलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

घणसोलीकर
ताई, त्या दिवशी लोक उतरले ते योग्यच होतं. पण संध्याकाळपर्यंत काय झालं तेही बघा. मंत्री बोलायला आले, तर त्यांच्याशी गर्दीतर्फे बोलणारं कुणी नव्हतं. शेवटी लाठीमार करून रूळ मोकळे केले, शेकडो जणांवर गुन्हे दाखल झाले. लोकांना बोलावणारा मेसेज कुणाचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग जामिनाला, तारखांना कोण उभं राहणार?

उरणचा मास्तर
तुम्ही दोघंही फोनलाच धरून बसलात. २०१६चे मराठा मूक मोर्चे आठवा. समाज तोच, मागणी तीच, व्हॉट्सअॅपही तेच. लाखो माणसं आली, घोषणा नाही, दगड नाही, निवेदन द्यायला मुली पुढे, आणि मागून रस्ता झाडत जाणारे स्वयंसेवक. मग दोनच वर्षांत काय बदललं? २०१६च्या मेसेजमागे वस्तीवस्तीत बसलेली माणसं होती.

नवी मुंबईच्या विमानतळाला दिबांचं नाव द्यावं म्हणून जून २०२१मध्ये आधी मानवी साखळी झाली, मग २४ तारखेला सिडकोला घेराव. मेसेज आमच्याही फोनवर आले. पण आमच्या आळीत कुठला टेम्पो किती वाजता सुटणार, त्यात कोण बसणार, हे वहीत लिहिलेलं होतं. वही धरणारा पोरगा परतीच्या वेळी एकेक नाव घेऊन माणसं मोजत होता.

तुर्भ्याचा माथाडी
मास्तर, वहीला फोनची जोड हवीच. २६ जानेवारी २०२४ला मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटलांसोबत निघालेले लोक वाशीत पोचले, मार्केटच्या आवारात मुक्काम होता. आमच्या चाळीतल्या बायका भाकऱ्या थापत होत्या. दुपारी ग्रुपवर एकाने लिहिलं, "भाकरी बस, पाणी आणि केळी पाठवा." पुढच्या गठ्ठ्याचं पीठ मळायचं तिथल्या तिथे थांबलं आणि अर्ध्या तासात पाण्याचे बॉक्स भरून छोटा हत्ती निघाला. वहीवर हे जमलं असतं का?

सीवूड्सची लेक
तेच म्हणतेय मी. आणि नेट बंद केल्याने लोक घरी बसतात असंही नाही. बांगलादेशात विद्यार्थ्यांच्या आंदोलनात जुलै २०२४मध्ये इंटरनेट तोडलं, तरी ५ ऑगस्टला पंतप्रधान शेख हसीनांना देश सोडावा लागला.

घणसोलीकर
बरोबर, कारण तिथल्या विद्यार्थ्यांची एकमेकांशी ओळख होती, होस्टेलं होती. माझा मुद्दा तोच आहे. आणि अफवेचं काय? १ जुलै २०१८ला धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच निरपराध माणसं जमावाने ठार मारली. तेही फोनवरच्या मेसेजमुळेच.

भाकरीचा मेसेज खरा ठरला, कारण लिहिणाऱ्याला तुमची चाळ ओळखत होती. म्हणून प्रत्येक सेक्टरात महिन्यातून एकदा तरी समोरासमोर बसायला हवं. माझं तेवढंच मागणं आहे.

सीवूड्सची लेक
मान्य. पण बैठक रात्री साडेआठनंतर ठेवा. त्याआधी माझी गाडी वाशीचा पूलसुद्धा ओलांडत नाही. आणि निरोप ग्रुपवर टाका, खाली तुमचं नाव लिहून.