सर्च स्ट्रिंगला मराठीत काय म्हणता?

शहापूरकर: भरतीच्या कामाला नव्यानं लागलेल्या पोरांसाठी मराठीत टिपणं करतेय. गुगलवर किंवा लिंक्डइनवर माणसं शोधायला शब्द, अवतरणचिन्हं, कंस जोडून जी ओळ टाकतात, तिला मी 'शोधसूत्र' लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'शोधशृंखला' केलं. शृंखला म्हटलं की मला बेडीच दिसते. गुगलसाठीचा नमुना देते, कारखान्यातली संगणकावर चालणारी यंत्रं (सीएनसी, व्हीएमसी) चालवणारी माणसं शोधायचा. समजायला देवनागरीत लिहिलाय, टाइप करताना सगळं रोमनमध्ये आणि 'ऑर' कॅपिटलमध्येच:

("सीएनसी ऑपरेटर" ऑर "व्हीएमसी ऑपरेटर") (बेळगाम ऑर बेळगावी) (रेझ्युमे ऑर बायोडाटा) -जॉब्स

टिळकवाडी मास्तर: शोधसूत्रच ठेवा. सूत्र म्हणजे दोरा आणि सूत्र म्हणजे नियमात बांधलेली मांडणी, दोन्ही अर्थ आयते मिळतात. संगणकातली स्ट्रिंग ही खरं तर अक्षरांची माळ, पण 'शोधमाळ' म्हटलं तर पोरं हसतील.

उद्यमबाग: आमच्याकडं एचआरवाले 'स्ट्रिंग मार' म्हणतात. फौंड्रीवाल्यालाही कळतं. शब्द चालतोय तर त्याच्या मागं का लागायचं?

निपाणीकर: शोध कशाला, 'हुडक' घ्या की. 'काय हुडकायलास?' असंच बोलतो आपण. आणि तो शब्द कन्नडातला, हुडुकु. सीमाभागाचा शब्द सीमाभागानंच वापरायचा नाही तर कुणी?

टिळकवाडी मास्तर: हुडुकु कन्नडात आहे म्हणून हुडकणे तिकडूनच आलं, हे कशावरून? साताऱ्याकडंही हुडकतातच. देणंघेणं दोन्हीकडून चालतं. टिपणात मात्र प्रमाण शब्द हवा.

निपाणीकर: मास्तर, अडकित्ता कन्नडातून आला म्हणून सुपारी तोंडात विरघळत नाही काय? प्रमाण म्हणजे पुण्यात जे बोलतात ते, एवढंच ना?

शहापूरकर: भांडू नका. शब्दापेक्षा मोठी अडचण 'आणि'ची झालीय. एका कारखान्याचा निरोप आला, "फिटर आणि टर्नर पाहिजेत." पोरानं इमानदारीत 'फिटर ॲन्ड टर्नर' टाकलं. हाती लागली मोजकी माणसं, तीही दोन्ही कामं येणारी. मालकाला हवे होते काही फिटर, काही टर्नर. म्हणजे आपला 'आणि' तिथं 'ऑर' होतो! आपण 'आणि' म्हटलं की यादी वाढते, यंत्रात 'ॲन्ड' म्हटलं की आटते.

खानापूरवाला: उलटंही बघा. "चहा घेणार किंवा कॉफी?" यात एकच मिळतं. यंत्राच्या 'ऑर'ला दोन्ही घेतलेला माणूसही चालतो. म्हणून मी 'ऑर'ला 'यातलं निदान एक' म्हणतो आणि 'ॲन्ड'ला 'सगळं एकत्र'. गुगलमध्ये तर 'ॲन्ड' लिहायचीही गरज नाही. शब्दांमधे नुसती जागा सोडली की तो सहसा सगळे शब्द हवेत असंच धरतो.

टिळकवाडी मास्तर: ही करणी जॉर्ज बूल (१८१५–१८६४) या इंग्रज गणित्याची. विधानं खरी की खोटी याचं त्यानं बीजगणित केलं, म्हणून हे 'बुलियन'. वर्गात हा शब्द काढला की पोरांना सोन्याचांदीचं 'बुलियन' आणि सराफकट्टा आठवतो. त्यापेक्षा 'बूलचे जोडशब्द' म्हणा.

उद्यमबाग: मला 'उमेदवार'च खटकतो. कारखान्यात उमेदवार आला म्हटलं की लोक विचारतात, कुठल्या वॉर्डातला?

अनगोळची ताई: अहो, आमचे बाबा कायम सांगायचे, "मी फौंड्रीत उमेदवारी केली." म्हणजे निवडणूक नव्हे हो! मोल्डिंगची वाळू चाळायची, पाणी घालून मुठीत दाबून बघायची, मूठ उघडल्यावर गोळा अखंड राहिला तर मिस्त्री मान हलवायचे. तेवढं जमल्याशिवाय साच्याला हात लावू देत नसत. शिकाऊ म्हणून राबणं म्हणजे उमेदवारी. नोकरीच्या बाजारात हाच अर्थ जवळचा.

टिळकवाडी मास्तर: उमेदवार मुळात फारसी. कन्नड पेपरांत 'अभ्यर्थी' असतो, शुद्ध संस्कृत. तो घ्यायला हरकत काय?

निपाणीकर: आता कन्नडातून घ्यायला चाललं! त्याच पेपरात 'उमेदुवारिके'ही छापतात, ते वाचलं नाहीत वाटतं? फारसी त्यांनीही पचवलीय.

उद्यमबाग: ते असो. शहापूरकरताई, स्ट्रिंगमधे बेळगावचं नाव दोन्ही तऱ्हांनी घातलंत ते बरं केलंत. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव 'बेळगावी' झालं, पण जुने बायोडाटा जुन्या इंग्रजी स्पेलिंगनंच पडून आहेत. कोणतं नाव खरं यावर इथं सुरू होऊ नका, यंत्राला सीमाप्रश्न नाही. चिकोडी, निपाणीलाही रोमनमध्ये एक 'के', एक 'पी' कमीजास्त होतो, तेही 'ऑर'मध्ये टाका. आणि 'बायोडाटा' काढू नका, आमच्या पोरांच्या फायलीवर तेच लिहिलेलं असतं.

शहापूरकर: शेवटच्या उणे चिन्हाला काय म्हणू? मी 'वगळ' लिहिलंय. '-जॉब्स' नसलं तर माणसांऐवजी 'पाहिजेत'च्या जाहिरातीच वर येतात. उणे आणि शब्द यांत जागा सोडायची नाही, हे तीनतीनदा सांगावं लागतं.

निपाणीकर: 'वजा' म्हणा. खतावणी लिहिणाऱ्यालाही कळेल.

टिळकवाडी मास्तर: वजा अरबी आहे, बरं का.

निपाणीकर: मग 'जमा'ही काढून टाका मास्तर, पेन्शन कशात पडणार?

खानापूरवाला: वजा म्हणा, वगळ म्हणा, पण जपून. आमच्या खानापूरची माणसं हुडकताना सांगली जिल्ह्यातलं खानापूर मधे येतं, म्हणून मी '-सांगली' टाकलं. यादी एकदम स्वच्छ झाली. मग लक्षात आलं, आमच्या गावचा आणि सांगलीच्या कारखान्यात काम केलेला जो तो गळाला. कामाची माणसं तीच होती. आता सांगली वगळत नाही, उलट 'लोंढा', 'नंदगड', 'बिडी' ही आसपासची गावं 'ऑर'नं जोडतो.

अनगोळची ताई: बिडी नको हो, निपाणीचे सगळे विडी कारखाने येतील!