पायडल गोल न फिरवता वरखाली दाबून चालणारी तीनचाकी बनवलीय, पण सुरू करतानाच अडकते. काय चुकलं?

वंगणाची_डबी :
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण कृपया पूर्ण वाचा. बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आता तो गुडघा काटकोनापर्यंत वाकतो, त्याच्यापुढे नाही. साध्या सायकलवर पायडल वर येतं तेव्हा गुडघा साधारण ११० अंशांपर्यंत वाकवावा लागतो, म्हणजे सायकल बंदच. आणि सायकल हा त्यांचा जीव. म्हणून मी तीनचाकीची फ्रेम घेऊन तिला दोन लांब पावड्या बसवल्या, पाय गोल फिरवायचा नाही, नुसता दाबायचा आणि सोडायचा. प्रत्येक पावडीला मधे एक दांडा, दांड्याचं दुसरं टोक मागच्या एक्सलवरच्या क्रँकला (एक्सल फिरवणारा आडवा हात), आणि डावा-उजवा क्रँक एकमेकांच्या बरोबर उलट दिशेला. मापं अशी : क्रँक ८ सेमी, पावडीच्या पिव्हटपासून (ज्या बिंदूवर पावडी झुलते तो) दांड्याची पिन १२ सेमीवर, पाय ठेवायची पट्टी ३० सेमीवर.

आता त्रास. थांबलेली गाडी कधीकधी कितीही दाबलं तरी हलतच नाही, कुणीतरी मागून ढकलावं लागतं. चालू झाली की दर फेऱ्याला दांडा कुरकुर करत एका बाजूला ओढतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाबा म्हणतात गुडघ्याला साध्या सायकलपेक्षा जास्त ताण येतोय, जे मला कळतच नाहीये, कारण पाय तर गोल फिरतच नाही! महिनाभर यावर खपलेय, त्यांना सारखं "जमेल हो बाबा" सांगतेय. कुणी असं काही केलंय का?

चाक_आणि_दांडा :
ताई, तुमच्या बाबांचं बरोबर आहे, गुडघा खरंच जास्त वाकतोय. कागदावर काढून बघा. क्रँक ८ चा म्हणजे दांड्याची पिन एकूण १६ सेमी वरखाली होणार. ती पिन पिव्हटपासून फक्त १२ वर आणि पाय ३० वर, म्हणजे पायाची हालचाल अडीचपट, १६ गुणिले अडीच, ४० सेमी! साध्या सायकलचा क्रँक १७ सेमीचा असतो, तिथे पाय ३४ सेमी वरखाली होतो. गोल जावो नाहीतर सरळ, गुडघ्याला फक्त अंतर कळतं.

कुरकुर पण त्यातूनच. १२ सेमीच्या हातावर ८-८ सेमी झोका म्हणजे पावडी एकूण ८० अंशांच्या वर हलतेय, टोकाला दांडा पावडीला फार तिरका होतो आणि तुमचा जोर एक्सल फिरवण्याऐवजी पिन आणि बुश दाबण्यात जातो. क्रँक छोटा करा आणि पिन लांब न्या. समजा क्रँक ५, पिन २० वर, पाय ३६ वर, तर पायाची हालचाल १८ सेमी आणि पावडीचा झोका तीसेक अंशांत बसतो. झोका ४०-५० अंशांच्या आत ठेवा, मग बाकी मापं थोडी इकडेतिकडे झाली तरी चालतं.

टाका_आणि_धागा :
थांबलेली गाडी हलत नाही ते डेड सेंटर. मी वर्षानुवर्षं पायाच्या शिवण मशीनवर बसलेय त्यामुळे हे हाडात मुरलंय. क्रँक आणि दांडा एका रेषेत आले की पावडी कितीही दाबा, चाक फिरवायला काही उरतच नाही, आणि एका फेऱ्यात हे दोनदा होतं. मशीन चालू असताना कळत नाही कारण खालचं जड चाक आपल्या वेगात तो पॉइंट ओलांडून जातं, पण सुरुवातीला आम्ही उजव्या हाताने वरचं हातचाक थोडं फिरवतो मगच पाय लावतो, नाहीतर मशीन हलत नाही किंवा उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. तुमच्या गाडीत तो हातचाकाचा हात नाही, म्हणून कुणीतरी ढकलावं लागतंय.

अजून एक, शिवण मशीनची पावडी बघून कुणी गाडी डिझाइन करत असेल तर जरा थांबा. तिचा पिव्हट पायाच्या तळव्याच्या मधोमध असतो, टाच-बोट टाच-बोट असं घोटा हलतो, गुडघा जवळजवळ स्वस्थ. म्हणून दिवसभर शिवलं तरी चालतं, पण त्यातून जोर अगदी थोडाच निघतो, सुई चालवण्यापुरता. माणसाला ओढायचं तर मांडीचा जोर हवा आणि मांडीचा जोर म्हणजे गुडघा आलाच.

रूळावरचा :
रेल्वेच्या वाफेच्या इंजिनात दोन्ही बाजूंचे क्रँक १८० अंशांवर नसतात, ९० वर असतात, म्हणजे एक बाजू डेड सेंटरला असली तरी दुसरी पूर्ण जोरात. तसं करून बघा ना, वेल्डिंग तोडून पुन्हा जोडणं एवढंच काम.

फ्रीव्हील_फेल :
@रूळावरचा ते इंजिनात चालतं कारण वाफ पिस्टनला दोन्ही बाजूंनी ढकलते. पाय फक्त खाली दाबतो, वर ओढत नाही (पट्ट्याने बांधला तर गोष्ट वेगळी, पण दुखऱ्या गुडघ्याला ते करायला लावू नका). फक्त दाबणाऱ्या दोन पायांना ९० अंश दिलेत तर फेऱ्याचा चौथा भाग असा येतो की कुणीच दाबत नाही, आणि तिथे गाडी थांबली तर आहे तिथेच. १८० ला निदान नुसते दोन बिंदू अडचणीचे.

साध्या सायकलला पण हे दोन बिंदू असतात पण तिथे पाय मोकळा असतो, वरच्या टोकाला आपण नकळत पायडल पुढे ढकलतो. पावडीवरचा पाय एकाच कमानीत बांधलेला, त्याला पुढे ढकलायला जागाच नाही. म्हणून दांडा-क्रँकची पावडी सायकलपेक्षा जास्त अडते.

माझं मत स्पष्ट आहे, ताईंनी क्रँक काढूनच टाकावा. पावडीला चेन बांधा, चेन मागच्या एक्सलवरच्या फ्रीव्हीलवर (एकाच दिशेने जोर देणारं, उलट मोकळं फिरणारं दातेरी चक्र) गुंडाळा, दाबलं की एक्सल फिरतो, सोडलं की पावडी मोकळी परत येते. यात डेड सेंटर नावाची गोष्टच नाही, आणि पाय अर्धाच दाबला तरी गाडी तेवढी पुढे जातेच, क्रँकमध्ये तसं होत नाही, तिथे पूर्ण फेरी केल्याशिवाय सुटका नाही. बाबांच्या गुडघ्यासाठी हाच मोठा फरक. आज बरं वाटतंय तर २० सेमी दाबा, उद्या दुखतंय तर १० दाबा.

हे काही नवं खूळ नाही. स्कॉटलंडमधल्या कर्कपॅट्रिक मॅकमिलन नावाच्या लोहाराच्या नावावर १८३९ च्या सुमाराची पावडी-दांड्याची दुचाकी सांगतात (त्यावर इतिहासवाल्यांचा वाद आहे), ती तुमच्यासारखीच दांडा-क्रँकची. पण १८८० च्या दशकात अमेरिकेत न्यू जर्सीला 'अमेरिकन स्टार' निघाली, लहान चाक पुढे, मोठं मागे, आणि दोन पावड्या पट्ट्यांनी रॅचेटला (फ्रीव्हीलसारखीच एकतर्फी जोडणी) जोडलेल्या. तिच्यावर चढावाला किंवा सुरुवातीला दोन्ही पाय एकदम दाबता यायचे! स्वीडनमध्ये युंगस्ट्रॉम भावांनी १८९२ मध्ये 'स्वेआ' नावाची पावडीचीच सायकल आणली, तिला आल्फ्रेड नोबेलने पैसे लावले होते. म्हणजे हुशार माणसांना यात दम दिसला होता.

आखूड_क्रँक :
दम दिसला होता पण टिकली का? १८८५ ला स्टार्लीची रोव्हर आली, मागच्या चाकाला चेन, गोल फिरणारे पायडल, आणि पुढे सगळ्यांनी तोच रस्ता धरला. कारण आहे त्याला. गोल फिरताना खाली जाणाऱ्या पायाचा वेग क्रँकमध्येच राहतो, वाया जात नाही. रॅचेटच्या पावडीत पाय प्रत्येक वेळी पूर्ण थांबवायचा आणि पुन्हा उलट न्यायचा, ते सगळं स्नायूंच्या जिवावर. त्यात शेवटी पावडी ठोकळ्यावर आपटली की धक्का थेट गुडघ्यात.

ताई, वर सुचवलेलं ५-२०-३६ चं माप बघा. पायाची हालचाल १८ सेमी, म्हणजे हिशोबाने तो ९ सेमीचा क्रँकच झाला. मग सरळ साध्या तीनचाकीला ९-१० सेमीचे आखूड क्रँक का लावत नाही? आखूड क्रँकला जोर जास्त लागतो, तो मागे मोठं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) लावून भरून काढायचा. ना वेल्डिंग, ना दांडे, ना कुरकुर. माझ्या आईला अशीच करून दिली, तिचे दोन्ही गुडघे झिजलेत, तरी ती रोज चालवते. पावडी सुंदर दिसते हे मान्य, पण आपल्याला गाडी चालवायची आहे ना.

फ्रीव्हील_फेल :
धक्क्याचं खरं आहे, पण तो मिनिटाला ८०-९० वेळा पाय मारणाऱ्याला. पाय थांबवायला लागणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, मिनिटाला ४०-५० दाब असले तर तो किरकोळ. वयस्कर माणूस शर्यत लावणार नाहीये.

बाकी आखूड क्रँकचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर, दोन्ही गुडघे सारखेच असतील तर मीही तेच सांगेन. पण इथे एकच गुडघा बिघडलाय ना?

वंगणाची_डबी :
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! ४० सेमीचा हिशोब वाचून रडूच आलं, बाबा महिनाभर ते सहन करत होते आणि मी म्हणत होते सवय होईल.

काल खुर्चीवर बसवून भिंतीला पट्टी लावून मोजलं, फिजिओताईंना पण विचारलं. उजवा पाय त्रास न होता १४ सेमी वरखाली होतो, डावा आरामात २२. आखूड क्रँक केला तर दोन्ही पायांना उजव्याच्या मापात बसावं लागेल, म्हणजे ७ सेमीचा क्रँक, आणि चांगला पाय उगाच बांधला जाईल. दोन बाजूंना वेगवेगळे क्रँक लावता येतील का, की रॅचेटवरच जाऊ? आणि रॅचेट केलं तर पावड्या वर यायला स्प्रिंग किती जोराची लागेल? जोराची स्प्रिंग म्हणजे दाबताना बाबांना तिच्याशीच भांडावं लागणार.

चाक_आणि_दांडा :
वेगवेगळे क्रँक चालतात, लोक लावतात. पण तुमची पावडी तयारच आहे तर रॅचेट करा, आणि स्प्रिंग नकोच. पायाने चालवायचे पाण्याचे पंप बघितलेत का, १९८० च्या दशकात बांगलादेशात शेतकऱ्यांमध्ये पसरले ते? दोन लांब पावड्यांवर माणूस उभा राहून आलटूनपालटून वजन टाकतो, आणि दोन्ही पावड्या एकाच दोरीने वरच्या पुलीवरून जोडलेल्या. एक खाली गेली की दुसरी आपोआप वर. एवढ्या साध्या जोडणीवर साधारण ७ मीटर खोलीवरचं पाणी ओढतात.

तुमचं माप त्यात छान बसतं. दोन्ही पावड्यांवर पाय ३६ सेमीवर ठेवा. दोरी उजव्या पावडीला पिव्हटपासून २२ सेमीवर बांधा, डावीला १४ वर. उजवा पाय १४ हलला तर दोरी १४ गुणिले २२ भागिले ३६, साडेआठच्या वर, आणि डावा २२ हलला तर २२ गुणिले १४ भागिले ३६, तेवढीच! दोरी दोन्हीकडे सारखीच सरकणार, म्हणजे कुणी कुणाला ओढणार नाही. चेनही त्याच भोकांत बांधा, दोन्ही पायांच्या दाबात चाक सारखंच फिरेल. जोर मात्र डाव्या पायातून जास्त मिळेल, आपल्याला तेच हवंय.

वेग किती पडेल तेही सांगतो. १६ दातांच्या फ्रीव्हीलवर चेन साडेआठ सेमी ओढली की चाक साधारण चार दशांश फेरा फिरतं. दोन पाय, मिनिटाला ५०-५० दाब, २४ इंची चाक, तर ताशी ५ किमीच्या जरा खाली. चालण्याचा वेग. जास्त हवा असेल तर १४ दातांचं फ्रीव्हील बघा, पण पायाला जड जाईल.

फ्रीव्हील_फेल :
दोन गोष्टी जोडतो. एक, दोन्ही फ्रीव्हील एकाच एक्सलवर घ्या. डावी पावडी डाव्या चाकाला आणि उजवी उजव्याला असं करू नका, गाडी दर दाबाला वळवळते, मी केलंय आणि हँडल धरून हात दुखले. दुसरं, फ्रीव्हीलमधली कुत्री (दातात अडकणारा खटका) पुढच्या दातावर पडेपर्यंत पावडी नुसतीच जाते. आत १८ दात असतील तर २० अंशांपर्यंत रिकामं, आणि तुमच्या एका दाबात चाक फिरणार १५० अंश. एवढ्याशा दाबातून तो तुकडा जाणं फार वाटतं. बारीक दातांचं मिळालं तर ते घ्या, रोलरचा एकतर्फी क्लच मिळाला तर उत्तम. आणि रिव्हर्स विसरा, रॅचेटची गाडी पायाने मागे नेता येत नाही.

टाका_आणि_धागा :
एक काळजी मात्र घ्या ताई. दोरीने जोडलंत की डावा पाय जोरात खाली गेला तर तो उजव्याला वर उचलणार, आणि गुडघा वाकतो तो पाय वर येतानाच. बाबांनी जोशात डावा पाय जरा जास्त दाबला की उजवा गुडघा त्यांच्या मर्जीविरुद्ध वाकेल. म्हणून उजव्या पावडीला वरच्या बाजूला रबरी ठोकळा लावा, १४ सेमीच्या एक-दोन सेमी आधीच. तो लागला की दोरी ताणली जाऊन डावी पावडीही तिथेच थांबेल.

वंगणाची_डबी :
हे तर माझ्या डोक्यातच आलं नसतं. ठोकळा आधी लावते, दोरी नंतर. गाडी मागून स्टँडवर उचलून चाक हवेत ठेवते आणि बाबांना नुसतं बसून दाबायला सांगते, गुडघा काय म्हणतो ते बघून मगच खाली उतरवीन. जुने क्रँक आज कापले.

आखूड_क्रँक :
स्टँडवर असताना मागचा ब्रेक थोडा धरून ठेवा, हवेतलं चाक फार हलकं फिरतं आणि खरा जोर कळत नाही. आणि पिव्हटला ग्रीस भरपूर.

वंगणाची_डबी :
नाव बघा की माझं! ग्रीस आहे. रविवारी दोरी बांधणार, बाबा आत्ताच पुली हातात घेऊन बसलेत.