चवथीच्या आरतीसाठी माईक : विचारणा आणि उत्तर

सप्रेम नमस्कार.

यंदा गणेश चवथीला मी गोव्यातील फोंड्याजवळच्या आमच्या मूळ घरी जात आहे. तेथील घुमट आरती (घुमट या मातीच्या तालवाद्याच्या साथीने होणारी) चित्रित करून मंडळातील मुलांना दाखवावी, अशी इच्छा आहे. गेल्या वर्षी कॅमेऱ्यावर शॉटगन माईक (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा, लांब नळीचा) बसवला होता. परंतु घुमट, शामेळ ही तालवाद्ये आणि कौलांवरचा पाऊस एवढेच ऐकू आले. घरात आता केवळ काकूंनाच पाठ असलेली कडवी त्यात बुडून गेली. अधिक महागडा शॉटगन घ्यावा काय?

— एक सभासद

सप्रेम नमस्कार, ताई.

कृपया घेऊ नये. शॉटगनची नळी बाजूचे उंच स्वर अडवते, घुमटाचा खर्ज मात्र तिला फारसा अडवता येत नाही; शिवाय लादी आणि भिंतींवरून परतणारा आवाज बंद खोलीत तिच्यात शिरतोच. खरी अडचण अंतराची आहे. माईक ३ मीटरवरून ३० सेंटिमीटरवर आणला, तर काकूंचा थेट आवाज सुमारे २० डेसिबलने वाढतो, आणि तेवढा लाभ कोणत्याही महागड्या माईकने होत नाही.

माझ्या मते शुअर एसएम५८ सारखा साधा डायनॅमिक कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) माईक पुरेसा आहे. तो पाठीमागचा आवाज सर्वांत कमी घेतो; म्हणून तोंड काकूंकडे आणि पाठ घुमटाकडे येईल असा तो स्टँडवर लावावा. कंडेन्सर या अधिक नाजूक प्रकारच्या माईकप्रमाणे त्याला ४८ व्होल्टचा वीजपुरवठा लागत नाही आणि भाद्रपदातील दमट हवाही तो त्यापेक्षा चांगली सोसतो. मंडळाच्या कपाटात असे माईक असल्यास नोंद करून नेता येतील.

रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या ध्वनिदर्जावर ठेवून स्वयंचलित पातळी (आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय) अवश्य बंद करावी, अन्यथा घुमटाच्या प्रत्येक थापेसरशी काकूंचे शब्द दाबले जातील. आरतीचा शेवट सर्वांत जोराचा असतो, तेव्हा त्या भरातच चाचणी घेऊन सर्वोच्च पातळी रेकॉर्डरच्या मापकावर उणे १२ डेसिबलच्या आसपास राखावी. आरंभी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी, म्हणजे चित्र आणि ध्वनी नंतर जुळवता येतात.

आणि एक आग्रहाची विनंती : आदल्या दिवशी पाऊस थांबलेला असताना, वाद्यांशिवाय, काकूंकडून ती सर्व कडवी एकदा सावकाश म्हणवून मुद्रित करून ठेवावीत.

— आपला, एक सभासद